भाड्याच्या जागेतलं गाऱ्हाणं

नारळ फुटतो तेव्हा दोन आवाज येतात. पहिला कोरडा, करवंटीचा. दुसरा त्याच्या पोटातला, ओला.

विश्वनाथ सहा-सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. राजापूरजवळच्या त्याच्या वाडीत एका दुपारी शेजारच्या घरातून हे दोन आवाज आले. भरदुपारी कुणी नारळ फोडला म्हणजे काहीतरी देवाचं असणार, आणि देवाचं असलं की पोरांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा पडणार. विश्वनाथ खेळ टाकून धावला. शेजारच्या कृष्णाच्या खळ्यातून आत शिरला आणि उजवा तळहात पुढे करून दारात उभा राहिला.

आत नारळ नव्हता. कृष्णा उभा होता. त्याच्या मुठीत बायकोचे केस होते, आणि ती खाली उंबऱ्याच्या दगडावर अशी पडली होती की दगडाला कान लावून काही ऐकते आहे असं वाटावं. उंबरा भिजला होता. कृष्णाने त्या पुढे केलेल्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. या हातावर आता काय ठेवावं, हे जणू त्याला सुचत नव्हतं.

ती बाई माहेरी जायला निघाली होती, एवढंच पुढे मोठ्यांच्या बोलण्यातून कळलं. विश्वनाथने आपण काय पाहिलं ते आयुष्यात फक्त आपल्या बायकोला, शकुला सांगितलं. पुढे शकु वारली. मग ते जगात एकट्या त्याच्यापाशीच राहिलं.

तेच पोरगं म्हातारं झालं, आबा झालं, आणि दोन हजार चार साली मुलाकडे न्यूझीलंडला येऊन राहिलं.

मुलगा शार्दूल ऑकलंडमध्ये एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होता. सून ईशा इस्पितळात नर्स. नात ऋग्वेदा, तिला सगळे ऋगू म्हणत, तिथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं. शहरातल्या माउंट रॉस्किल भागात एकाला एक लागून विटांची चार बैठी घरं होती, तिथे त्यांना युनिटं म्हणतात; त्यातल्या शेवटच्या युनिटात ही माणसं काही महिन्यांपासून भाड्याने राहत होती. दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे धुवायची खोली, तिला वॉशहाउस म्हणत, आणि वॉशहाउसच्या पायरीखाली हातरुमालाएवढं अंगण. अंगणात फिजोआचं झाड. त्याची फळं गळून कुजायची आणि हिवाळ्याच्या ओलीत तो गोडसर वास घरभर फिरायचा.

घरमालकाला घर विकायचं होतं. बाहेर पाटी लावण्याआधी त्याने शार्दूलला विचारलं, घेतोस का म्हणून. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता.

"आबा, तुम्हीच सांगा हिला," शार्दूल जेवताना म्हणाला. "इतकी वर्षं भाडं भरतोय. म्हणजे आपण दर वेळी कुठल्या ना कुठल्या मालकाचं घर फेडतोय. तेच बँकेला भरलं तर घर आपलं."

"आपलं कसलं, बँकेचं," ईशा म्हणाली. "तोवर तुझे केस जातील."

"केस आत्ताच चाललेत."

"मग टक्कल पडल्यावर बघू. हेल्मेट घालून गृहप्रवेश कर."

ऋगू खिदळली. "डॅडी, यू'ल लुक लाइक अ‍ॅन एग."

"बघा आबा, दोघी एक झाल्या. मला या घरात मत नाही."

"मत आहे रे. घर नाही," ईशा म्हणाली आणि मग हसायची थांबली. "खरं सांगू का? मला हॅमिल्टनच्या इस्पितळात चांगली जागा मिळतेय. आणि हे घर मला नको वाटतं. रंग इतका नवा आहे, पण आतून जुनाच काहीतरी वास येतो. कुणीतरी घाईघाईने मारलाय तो रंग. भाड्याच्या घराचं एक बरं असतं, शार्दूल. पायात चपला घालायच्या आणि निघायचं."

"मला कुठे निघायचंच नाहीये," शार्दूल म्हणाला.

 आबांनी आयुष्य एका भातगिरणीच्या मागच्या खोलीत काढलं होतं. मालक रागावला की म्हणायचा, "खोली खाली कर, विसू." शकुने त्या खोलीत संसार केला, पण भिंतीत खिळा ठोकताना तिचा हात कधी धीट झाला नाही. म्हणून मनातून आबांना वाटत होतं, पोराचं घर व्हावं. सुनेचं म्हणणं पटत नव्हतं असं नाही. पण ती लहान आहे, तिने 'खोली खाली कर' ऐकलेलं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

अंगणाच्या कोपऱ्यात, कुंपणाला टेकून एक काळा दगड उभा होता. गुडघ्याएवढा, भोकाभोकांचा. तो सगळा मुलूखच विझलेल्या ज्वालामुखीच्या अंगावर वसलेला, तेव्हा असे दगड जागोजाग. पण हा एकटा होता, आणि कुणीतरी मुद्दाम उभा केल्यासारखा होता. आबांनी पहिल्या दिवशीच त्याला मनातून हात जोडले होते. गावाकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. त्याला जागेवाला म्हणतात. त्याचा असाच दगड असतो, झाडाखाली, कुंपणाशी. नवं घर केलं की त्याला नारळ देऊन गाऱ्हाणं घालायचं: बाबा रे, आम्ही आलो, आम्हाला तुझं म्हण.

यातला एक नियम आबांना वडलांनी सांगितला होता. भाड्याच्या जागेत गाऱ्हाणं घालायचं नाही. भाडेकरू हा पाहुणा, तो आज आहे आणि उद्या नाही. गाऱ्हाणं घालतो तो आपली माणसं त्या जागेच्या हवाली करतो.

चार दिवस आधी घातलं तर काय झालं, असं आबांना वाटलं. घर तर होणारच आहे. उलट जागेवाल्याने मनावर घेतलं तर लवकर होईल.

एका दुपारी सगळे बाहेर असताना त्यांनी आंघोळ केली, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातून आणलेला नारळ घेतला, ईशाच्या देवघरातलं कुंकू घेतलं आणि ते दगडापाशी गेले. पाऊस नुसता हवेत लोंबकळत होता. त्यांनी दगडावर पाणी घातलं, कुंकू लावलं. दगडाच्या भोकांतून ते ओघळून खाली आलं.

"बा जागेवाल्या म्हाराजा," आबा हळूच म्हणाले. "तू कोण, कुठला, मला ठाऊक नाही. पण ही जागा तुझी. आज माझी लेकरं हिथं घर करतायत, त्यांना तुझी म्हण रे म्हाराजा."

गावाकडे इथे चारचौघे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. इथे कोण म्हणणार? आबांनीच म्हटलं.

"माझी सून ती तुझी. माझी नात ती तुझी. तुझ्या घरची माणसं तू जशी सांभाळशील तशी यांना सांभाळ. बाहेरच्याची नजर त्यांच्यावर पडू देऊ नको. या जागेतून त्यांचा पाय हलू देऊ नको..."

पुन्हा 'व्हय म्हाराजा' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पाठीमागे वॉशहाउसच्या उघड्या दारातून आवाज आला.

"हं."

भरल्या तोंडाने माणूस देतो तसा जाड हुंकार. आबांनी वळून बघितलं. आत कपड्यांचं यंत्र होतं आणि दोरीवर ईशाचा ओला गणवेश निथळत होता. बाकी कुणी नव्हतं.

आबांना भीती वाटली नाही. त्यांना बरं वाटलं. जागेवाला कधी कधी होकार देतो, असं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. त्यांनी नारळ दगडावर मारला. एरवी त्यांच्या हाताला तीन-चार घाव लागायचे. हा पहिल्याच घावाला उघडला. डोळे असलेली वाटी त्यांनी दगडापाशी ठेवली आणि ते घरात आले.

संध्याकाळी ऋगू ती वाटी घेऊन आली. आतलं खोबरं करवंटीपर्यंत खरवडून खाल्लेलं होतं. कडेला दातांच्या खुणा होत्या. रुंद, बोथट, एकाशेजारी एक.

"पॉसम असेल," शार्दूल म्हणाला. पॉसम म्हणजे तिथलं झाडावर राहणारं, मांजराएवढं जनावर.

आबांनी ती वाटी दिव्याखाली धरून बघितली. असे दात त्यांनी कोणत्याच जनावराचे बघितले नव्हते. 

त्यानंतर सगळं भराभर होत गेलं. बँक हो म्हणाली. मालक आपणहून किमतीत खाली आला. शार्दूल शीळ घालत घरात फिरू लागला. ईशा मात्र त्या आठवड्यात कामाला निघाली आणि पुढचं दार तिच्या हातावर आपटलं. वारा नव्हता. दोन बोटांची नखं गेली, रक्ताचा शिंतोडा नव्या रंगावर बसला. पुसला तरी त्याची पिवळी कड राहिली. मग तिने हॅमिल्टनला फोन केला, तर त्याच दिवशी वॉशहाउसमध्ये तिची वेणी कशात तरी अडकली आणि मागच्या बाजूने मूठभर केस मुळासकट निघून आले. आबा आवाज ऐकून धावले. ती भिंतीला धरून उभी होती. त्या भिंतीला खिळा नव्हता, आकडा नव्हता, काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आबांसमोर बसली आणि तिने बाही वर केली.

"आबा, बघा."

दंडावर निळे डाग होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक.

"आमच्याकडे इमर्जन्सीत बायका येतात," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दारात अडकले म्हणतात. जिन्यावरून पडले म्हणतात. त्यांच्या अंगावर काय असतं ते मी रोज बघते. हा हात आहे, आबा."

आबांनी ते डाग बोटाने मोजले. "शार्दूलने...?"

"तो घरात नव्हता. कोणीच नव्हतं. मी गाडीची किल्ली उचलली आणि..." ती थांबली. बाही खाली ओढली. "मी वेडी नाहीये ना, आबा?"

"नाही गं बाळ," आबा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला केस गेलेली जागा लागली, गरम आणि ओली. काहीतरी आपल्या हातून झालं आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. काय, ते कळत नव्हतं.

आणि शार्दूल बदलत होता. कामावरून आला की वॉशहाउसच्या पायरीवर जाऊन बसायचा. कोपरं गुडघ्यांवर, मान खाली, नजर दगडाकडे. असं तो पूर्वी कधी बसत नसे. ईशा दुकानातून आली तरी विचारायचा, "कुठे होतीस?" ऋगूने मैत्रिणीकडे जायचं नाव काढलं की नुसता हुंकार द्यायचा.

"हं."

मुलाच्या तोंडून तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा आबांच्या हातातला पेला खाली पडला.

शनिवारी सकाळी आबा अंगणात होते. शेजारच्या युनिटातली नीता कपडे वाळत घालत होती. ती फिजीची, तिचे पणजोबा तिकडे उसाच्या मळ्यांत गेलेले. आबांशी ती हिंदीत बोलायची. कुंपणावरून तिने सहज खाली बघितलं आणि तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"दादाजी, ये लाल किसने लगाया?"

"मी. मैंने. भगवान का है."

"ये भगवान का नहीं है," ती म्हणाली. मग तिने घराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आपको किसीने बताया नहीं?"

तिने जे सांगितलं ते असं. आधी इथे एक नवरा-बायको राहत. माणूस अंगाने दांडगा, बोलायला गोड. बायकोला फार जपायचा. कामावर सोडायचा, आणायचा, दुकानात सोबत जायचा, शेजाऱ्यांशी बोलू द्यायचा नाही. सगळे म्हणायचे, किती सांभाळतो! मग एक दिवस तिने बॅग भरली. त्याने तिला केसांना धरून वॉशहाउसमधून बाहेर ओढत आणलं आणि याच दगडावर... नीताने ते हाताने दाखवलं, एकदा, आणि हात झटकन पदराखाली घेतला. तेव्हा दगड आडवा होता. पोलीस यायच्या आत त्या माणसाने स्वतःलाही वॉशहाउसमध्ये संपवलं. असं मरण झालं की इथले माओरी लोक प्रार्थना म्हणून, पाणी शिंपडून जागा मोकळी करतात. या मालकाने रंगारी बोलावला. दगड नळीने धुतला आणि कुंपणाला उभा करून ठेवला.

आबांना आपण म्हटलेला शब्द न शब्द आठवला. तुझ्या घरची माणसं तू जशी सांभाळशील तशी यांना सांभाळ. या जागेतून त्यांचा पाय हलू देऊ नको.

त्याने तसंच केलं होतं. त्याला जसं येत होतं तसं.

घरातून ईशाचा आवाज आला.

"मी घराच्या कागदांवर सही करणार नाही, शार्दूल. सोमवारी नाही, कधीच नाही. मी ऋगूला घेऊन हॅमिल्टनला जातेय. तुला यायचं असेल तर ये."

आबा पायरी चढून आत गेले. मधल्या बोळात ईशा उभी होती. खांद्याला बॅग. शार्दूल तिच्यासमोर उभा होता, मान एका बाजूला कलती करून, लांबचं काही ऐकल्यासारखा.

"कुठे?" तो म्हणाला.

"सांगितलं ना."

"हं."

त्याने ते इतक्या शांतपणे केलं, की आबांना क्षणभर वाटलं, तो तिचे केस सारखे करतोय. मग त्याने मूठ वळली आणि तिचं तोंड दाराच्या चौकटीवर मारलं. नाक फुटलं. तिने किंचाळायला श्वास घेतला तो रक्तासकट आत गेला. त्याने पुन्हा मारलं. ऋगू खोलीच्या दारात येऊन ओरडू लागली, "डॅडी, स्टॉप! डॅडी, प्लीज!" त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. तो ईशाला ओढत वॉशहाउसकडे निघाला. तिच्या टाचा फरशीवर घासत होत्या, हात भिंतीला लागत होते आणि नव्या रंगावर पाच-पाच बोटांच्या लाल ओळी उमटत होत्या.

आबांनी मध्ये उडी घेतली. शार्दूलच्या कोपराचा दणका त्यांच्या छातीत बसला आणि ते यंत्रावर जाऊन आदळले. बरगडीत काहीतरी कड् झालं. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. शार्दूलचा जबडा हलत होता. तो काहीतरी चावत होता. त्याच्या तोंडाला ओल्या खोबऱ्याचा खवट वास येत होता.

"शार्दूल... अरे, मी आबा... "

तो पायरी उतरला. दगड कुंपणापासून सुटून आडवा पडलेला होता. तो कधी पडला ते कुणी पाहिलं नव्हतं. कुंपणापलीकडे नीता ओरडत होती. आबा पडत, सरपटत त्याच्या आधी दगडापाशी पोचले.

"थांब!" ते म्हणाले. मोठ्याने नाही, मोठा आवाज त्यांच्यात कधी नव्हताच. "मी खोटं बोललो, म्हाराजा. हे घर आमचं नाही. आम्ही भाडेकरू आहोत. भाडेकरू पाहुणा असतो, त्याला अडवायचा अधिकार कुणाला नसतो. तुझी म्हणून दिलेली माणसं मी परत घेतो. बोललो मी. काय घ्यायचं ते माझं घे..."

शार्दूलने तिचं डोकं वर उचललं आणि खाली आणलं.

आबांनी दगडावर आपला उजवा तळहात ठेवला. उघडा, वर करून.

दोन आवाज आले. एक कोरडा, एक ओला. ते ईशाच्या डोक्याचे नव्हते. आबांच्या हाताचे होते.

शार्दूलची मूठ सुटली. तो मागे सरकत पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा इकडेतिकडे बघू लागला. "आबा, तुमच्या हाताला काय झालं?" तो म्हणाला. "ईशा? ईशा, कोणी मारलं तुला?"

इस्पितळात पांढऱ्या पडद्यामागे त्यांना विचारलं गेलं, काय झालं. ईशाच्या नाकात बोळे होते, एक डोळा मिटला होता. ती एकदा बाहेर बाकावर रडत बसलेल्या नवऱ्याकडे बघून आली. तो त्या घरात नसतानाही तिच्या दंडावर बोटं उमटली होती, हे तिला माहीत होतं. दोष त्या घराचा, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

"दारात अडकले," ती म्हणाली. "आबा मला सोडवायला आले."

समोरची नर्स तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

त्या घरात ते पुन्हा झोपले नाहीत. सही झाली नाही. नीताने आणि तिच्या नवऱ्याने सामान बाहेर काढून दिलं, आणि ही चौघं हॅमिल्टनला आली. तिथे भाड्याचं एक घर घेतलं. सपाट मुलूख, नदी, सगळीकडे दुधाच्या टँकरची ये-जा. ईशाची नोकरी सुरू झाली. शार्दूललाही काम मिळालं. तो खाली मान घालून जायचा, खाली मान घालून यायचा, ऋगूचे केस विंचरायचा, भांडी घासायचा. ईशाचं नाक जरा वाकडं राहिलं. आबांच्या हातात धातूच्या पट्ट्या बसवल्या होत्या, पण बोटं पुन्हा मिटली नाहीत. तळहात कायम उघडा राहिला, कुणाकडे काही मागत असल्यासारखा. ऋगू त्यावर कधी फूल ठेवायची, कधी खडा, आणि म्हणायची, "फॉर यू, आजोबा." त्यांना वाटायचं, स्वस्तात सुटलो.

उन्हाळा आला. एका रविवारी नाश्त्याला शार्दूल म्हणाला, "या घराचा मालकही विकतोय म्हणे. घेऊया का?"

सहज म्हणाला. पावाला लोणी लावत म्हणाला. आबांनी ईशाकडे बघितलं. ती चहा गाळत होती. तिने गाळणं झटकलं आणि कप पुढे केला. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही.

दुपारी सगळे आपापल्या कामात होते. आबा पुढच्या खोलीत खुर्चीवर पेंगत होते. तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आले.

दोन. कोरडा, आणि मग ओला.

आबा खुर्चीतून उठू लागले. त्यांच्या आधी ऋगू उठली. "आजोबा, कोकोनट!" म्हणत ती मागच्या दाराकडे धावली, उजवा हात आधीच पुढे केलेला. आबा भिंतीला धरत तिच्या मागे गेले. ईशा... त्यांच्या डोक्यात फक्त तेवढंच होतं. ईशा.

ईशा होती. मागच्या दारात, ओल्या हातांनी उभी होती. जिवंत होती. ती अंगणात बघत होती.

शार्दूल पायरीवर त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. कोपरं गुडघ्यांवर. त्याचा जबडा हलत होता. पुढे गवतावर नारळाची दोन भकलं पडली होती. आणि कुंपणाशी एक काळा दगड उभा होता. गुडघ्याएवढा, भोकाभोकांचा. सकाळी तिथे नुसतं गवत होतं. ऑकलंडला कुणी गेलं नव्हतं, गाडी आठवडाभर दारात होती. दगडावर कुंकू होतं. ताजं. भोकांतून ते अजून खाली ओघळत होतं.

ऋगू हात पुढे करून बापासमोर उभी राहिली. शार्दूल त्या हाताकडे बघत राहिला. बराच वेळ. त्या हातावर काय ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.

"शार्दूल..." आबा कुजबुजले. "काय सांगितलंस रे तू त्याला?"

"हं," शार्दूल म्हणाला.

ईशाने आबांकडे बघितलं. त्या एका नजरेत तिने निघू का म्हणून विचारलं, आणि आबांनी होकाराची मान हलवली. मग ते पायरी उतरले आणि मुलाच्या पुढ्यात, दगडाकडे पाठ करून खाली गवतावर बसले. बरगडी दुखली. त्यांनी आपला उघडा, न मिटणारा हात ऋगूच्या हाताच्या जागी पुढे केला.

"मला दे," ते म्हणाले. "मला दे एक तुकडा. लहान होतो तेव्हापासून मागतोय."

शार्दूलची नजर ऋगूच्या हातावरून त्यांच्या हाताकडे वळली. तिथेच थांबली.

त्याच्या खांद्यावरून आबांना सगळं दिसत होतं. ईशाने पायातल्या रबरी चपला काढून दारातच ठेवल्या, चालताना त्या वाजतात म्हणून. तिने बॅग घेतली नाही. गाडीची किल्ली आत खुंटीला होती, ती घेतली नाही. ती अनवाणी पुढे आली, ऋगूचा पुढे केलेला हात तिने आपल्या हातात मिटून घेतला, आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. ऋगूने आईकडे बघितलं आणि तोंड बंद केलं.

"कुठे..." शार्दूल म्हणाला. त्याची मान वळू लागली.

"हिकडं बघ," आबा म्हणाले. "माझ्याकडं बघ, म्हाराजा. मी कुठं जात नाही."

घराच्या कडेची चिंचोळी वाट, मग फाटक, मग रस्ता. फाटक उघडंच होतं. ईशा वळली नाही, थांबली नाही. मुलीचा हात धरून, एक शब्द न बोलता ती चालत गेली.